यंत्रं किती वाटली ते कळलं, कानात किती राहिली?

कुळगी म्हटलं की आपल्यातल्या बहुतेकांना नेचर कॅम्प आठवतो. दांडेलीहून अंबिकानगरच्या रस्त्याला लागलं की दहा-बारा किलोमीटरवर काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात तंबू दिसतात. सहली येतात, पक्षी बघतात, फोटो काढतात. त्याच जंगलाच्या कडेला माणसंही राहतात, म्हातारी होतात आणि त्यांना कमी ऐकू यायला लागतं. हे काही सहलीच्या फोटोत येत नाही. माझं आजोळ तिथलं, म्हणून हा विषय माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळतोय. पण हा लेख आठवणींचा नाही. प्रश्न सरळ आहे: सरकारी आरोग्यसेवेतून जी आधुनिक श्रवणयंत्रं लोकांना दिली जातात, ती चांगली की वाईट हे ठरवायचं कसं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. यंत्राची परीक्षा प्रयोगशाळेत किंवा टेंडरच्या कागदावर पुरी होत नाही. ती कुळगीसारख्या गावात, यंत्र दिल्यानंतर सहा महिन्यांनी, भर पावसाळ्यात व्हायला हवी. तेव्हा यंत्र कानात असेल तर ते चांगलं. फडताळात डब्यात असेल, तर ते कितीही आधुनिक असलं तरी सरकारचे पैसे पाण्यात गेले आणि माणूस होता तिथेच राहिला.

ऐकू येतं, पण कळत नाही

कमी ऐकू येणाऱ्या माणसाबद्दल आपला एक मोठा गैरसमज असतो. आपल्याला वाटतं की त्याच्या कानातला आवाज रेडिओसारखा बारीक झालाय, म्हणून जोरात बोललं की भागेल. पण वयामुळे किंवा वर्षानुवर्षं गोंगाटात काम केल्यामुळे जो ऐकू येण्याचा दोष येतो, त्यात सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत. बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी जातात. आपल्या बोलण्यात स्वर खालच्या पट्टीचे आणि भरदार असतात. स, श, त, थ, फ ही व्यंजनं उंच पट्टीची आणि हलकी असतात. म्हणून म्हाताऱ्या माणसाला 'आ' ऐकू येतो, पण त्याच्या आधी काय होतं ते निसटतं. 'साप' म्हटलं की 'ताप' ऐकू येतं. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसासाठी या दोन शब्दांत किती फरक आहे ते सांगायला नको.

त्यामुळेच अशी माणसं म्हणतात, 'ऐकू येतं रे, पण कळत नाही.' घरातले यावर हसतात किंवा चिडतात. 'हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं हिला!' हा टोमणा तर घरोघरी ऐकायला मिळतो. हळूहळू ते माणूस बोलायचं कमी करतं. लग्नात कोपऱ्यात बसतं. दवाखान्यात डॉक्टर काय सांगतात ते कळलं नाही तरी मान डोलावतं आणि गोळ्या चुकीच्या वेळी घेतं. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. ज्या आरोग्यसेवेला आपलं म्हणणं रुग्णापर्यंत पोचवता येत नाही, तिची बाकीची औषधंही निम्मी वाया जातात. म्हणजे कानाचं यंत्र ही चैनीची वस्तू नव्हे. बाकीच्या उपचारांचा रस्ताच तिथून जातो.

आणि हा प्रश्न थोड्याथोडक्यांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात दीडशे कोटींहून जास्त लोकांना कमी-जास्त प्रमाणात ऐकू येण्याचा दोष आहे, आणि त्यातल्या ४३ कोटींना उपचारांची किंवा यंत्राची गरज पडावी इतका आहे. ज्यांना यंत्राचा उपयोग होईल त्यांच्यापैकी फक्त १७ टक्के लोक ते वापरतात. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व असलेल्यांची नोंद सुमारे ५० लाख ७० हजार झाली. ज्यांना आपल्याला कमी ऐकू येतं हेच मान्य नाही, ते या आकड्यात नाहीत हे उघड आहे.

आधुनिक म्हणजे नेमकं काय?

पूर्वी शिबिरात मिळायचं ते यंत्र म्हणजे शर्टाच्या खिशात ठेवायची डबी आणि तिच्यातून कानापर्यंत गेलेली वायर. ते सगळंच मोठं करायचं: बोलणं, भांड्यांचा आवाज, पंख्याची घरघर, खिशाच्या कापडाची खसखससुद्धा. आताचं यंत्र कानामागे बसतं आणि डिजिटल असतं. त्यातली चिप आवाजाचे वेगवेगळ्या पट्टीचे भाग पाडते आणि ज्या माणसाची जी पट्टी गेली आहे, ती वाढवते. हळू आवाज जास्त वाढवते, मोठा आवाज कमी वाढवते, म्हणजे मोटारीचा हॉर्न वाजला तर माणूस दचकून यंत्र काढून फेकत नाही. शिट्टी वाजायला लागली तर ती दाबते. काही यंत्रांत समोरच्याचं बोलणं जास्त आणि मागचा गोंगाट कमी पकडणारे दोन मायक्रोफोन असतात. काही चार्जिंगवर चालतात, काही मोबाइलला जोडता येतात.

हे सगळं चांगलंच आहे. पण बाजारात या यंत्रांच्या किमती काही हजारांपासून काही लाखांपर्यंत जातात, आणि सरकारने त्यातलं कुठलं घ्यायचं हा खरा पेच आहे. जितकं महाग तितकं चांगलं, असं विकणारा सांगणारच. अमेरिकेत मेम्फिस विद्यापीठातल्या रॉबिन कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. त्यांनी साधी डिजिटल यंत्रं आणि महागडी यंत्रं त्याच माणसांना आळीपाळीने वापरायला दिली आणि रोजच्या जगण्यात काय फरक पडला ते विचारलं. २०१४ आणि २०१६ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यंत्राने फायदा झाला, साध्यानेही आणि महागानेही. पण महागाने जास्त झाला असं दिसलं नाही. हे अभ्यास छोटे होते आणि सौम्य ते मध्यम दोष असलेल्या वयस्कांवर केलेले होते. म्हणून सगळ्यांना तेच लागू होईल असं मी म्हणत नाही. पण एक गोष्ट त्यातून नक्की घेता येते. साधं डिजिटल यंत्र नीट बसवलं, माणसाच्या कानाप्रमाणे नीट लावून दिलं, तर ते दुय्यम ठरत नाही. सरकारी सेवेसाठी ही आनंदाची बातमी आहे, कारण मग वाचलेले पैसे 'नीट लावून देणं' या कामावर घालता येतात.

योजना आहेत, पण दारं अरुंद आहेत

सरकार काहीच करत नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल. अपंगांना साधनं देणारी केंद्राची 'एडिप' योजना १९८१ पासून चालू आहे. ही साधनं बनवणारी 'अलिम्को' ही सरकारी कंपनी कानपूरला आहे. बहिरेपणा रोखण्याचा आणि त्यावर उपचारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये सुरू झाला. गरीब ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ ची. तिच्यातही काठी-चष्म्याबरोबर श्रवणयंत्र आहे. २०१८ पासून उपकेंद्रांचं आरोग्य आणि निरामय केंद्रांत रूपांतर सुरू झालं, तेव्हा तिथे द्यायच्या सेवांत डोळ्यांबरोबर कान-नाक-घशाचाही समावेश झाला. शिवाय म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ पासून आणि मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून काम करताहेत. तज्ज्ञ तयार होतात, संशोधन होतं.

मग अडतं कुठे? पहिली अडचण व्याख्येची आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'कमी ऐकू येणारा' म्हणजे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलचा दोष असलेला माणूस. जागतिक आरोग्य संघटना मात्र ३५ डेसिबलच्या पुढच्या दोषाला मध्यम म्हणते आणि तिथून मदतीची गरज धरते. आपण समोरासमोर बोलतो तो आवाज साधारण ६० डेसिबलचा. म्हणजे ५० डेसिबलचा दोष असलेल्या माणसाला आपलं बोलणं कुजबुजीसारखं वाटतं, पण कायद्याच्या व्याख्येत तो बसत नाही. एडिपसाठी तर ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. गंमत अशी की श्रवणयंत्राचा सगळ्यात चांगला उपयोग ज्यांना होतो, त्यांत हीच मधली माणसं मोठ्या संख्येने आहेत. दोष फार वाढेपर्यंत थांबायचं आणि मग यंत्र द्यायचं, हे म्हणजे रोप वाळल्यावर पाणी घालण्यासारखं झालं.

दुसरी अडचण अंतराची. कुळगीतल्या माणसाला मोठं सरकारी इस्पितळ गाठायचं तर एकीकडे हुबळी, दुसरीकडे घाट उतरून कारवार. जायला एक दिवस, तपासणीला एक दिवस, यंत्र आल्यावर पुन्हा एक दिवस, ते जुळलं नाही तर आणखी एक. प्रत्येक वेळी बरोबर घरातलं कुणीतरी हवं, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. म्हणून लोक शिबिराची वाट बघतात. शिबिरात एका दिवसात शेकडो माणसं उरकायची असतात.

आमच्या आजीला असंच एका शिबिरात यंत्र मिळालं. यंत्र नवं होतं, डिजिटल होतं, फुकट होतं. पण कानात बसणारं टोक तयार मापाचं होतं, ते सैल झालं, यंत्र शिट्टी मारायला लागलं. कुठल्या बटणाने काय होतं हे तिला कुणी दोनदा दाखवलं नाही. बरोबरचा कागद इंग्रजी-हिंदीत होता. तीन आठवड्यांत सेल संपले. पुढे पाऊस लागला. सप्टेंबरात डबा उघडला तेव्हा सेलच्या जागी हिरवट बुरशीसारखं काहीतरी साचलेलं होतं. सरकारी दप्तरात मात्र आजी 'लाभार्थी' आहे आणि तिची नोंद 'पूर्ण' आहे. यात कुणा एकाची चूक शोधत बसायची गरज नाही. सगळ्यांनी आपापलं काम केलं होतं. फक्त यंत्र दिल्यानंतरचं काम कुणाचंच नव्हतं.

इंग्लंडने काय मोजलं?

सरकारी सेवेत आधुनिक यंत्रं आणायची की नाही, हा प्रश्न आपल्याआधी इंग्लंडला पडला होता. तिथे १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हापासून श्रवणयंत्र मोफत मिळतं. पण नव्वदीच्या दशकाअखेर अशी स्थिती होती की खाजगीत डिजिटल यंत्रं आणि सरकारी सेवेत जुनी ॲनालॉग. २००० साली त्यांनी २० ठिकाणी एक प्रकल्प सुरू केला. त्याचं नाव बघण्यासारखं आहे: 'श्रवणयंत्र सेवांचं आधुनिकीकरण'. यंत्रांचं नव्हे, सेवांचं. नवी यंत्रं आली, त्याबरोबर ती कानात बसवून मोजायची उपकरणं आली, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण मिळालं आणि यंत्र दिल्यावर पुन्हा बोलावून विचारपूस करायची पद्धत आली. एकगठ्ठा खरेदीमुळे किमती खाली आल्या. २००५ पर्यंत हे इंग्लंडभर पोचलं.

यात मला सगळ्यात आवडली ती त्यांची प्रश्नावली. ग्लासगोच्या स्टुअर्ट गेटहाउस यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेली ही पद्धत रुग्णाला चार ठरलेले प्रसंग विचारते: घरच्यांनी लावलेल्या आवाजात टीव्ही ऐकणं, शांत जागी एकाशी बोलणं, गजबजलेल्या रस्त्यावर किंवा दुकानात बोलणं, आणि चारचौघांत गप्पा मारणं. प्रत्येक प्रसंगी किती अडचण होते, यंत्र किती वेळ वापरता, किती फायदा होतो, समाधान किती. आणि मग ती विचारते, तुमच्या आयुष्यातले असे आणखी चार प्रसंग तुम्हीच सांगा, जिथे तुम्हाला ऐकू यायला हवं आहे.

हा शेवटचा भाग कुळगीला नेऊन बघा. तिथली बाई कुठले चार प्रसंग सांगेल? एसटीची हाक ऐकू येणं. रेशन दुकानात नाव पुकारलं ते कळणं. भजनात टाळाबरोबर शब्दही कळणं. पहाटे शेतात गेल्यावर झुडपात काय हललं आणि कुठल्या बाजूला हललं ते समजणं. गव्या-अस्वलांच्या मुलखात हा शेवटचा प्रसंग जिवाशी जोडलेला आहे. आवाजाची दिशा कळायला दोन कान लागतात. म्हणजे दोन्ही कानांना दोष असताना एकाच कानाला यंत्र देऊन काटकसर करणं तिथे किती महागात पडू शकतं, हे त्या बाईच्या उत्तरातूनच कळेल. कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकातून ते कळणार नाही.

कुळगीची परीक्षा

म्हणून मला वाटतं, सरकारी सेवेसाठी यंत्र निवडताना तांत्रिक कसोट्या तर हव्यातच, पण त्यांच्या पुढे आणखी पाच प्रश्न विचारावेत.

पहिला, पावसात टिकतं का? जोयडा तालुक्यातला पाऊस चार महिने कपडे सुकू देत नाही. घाम, दमट हवा आणि यंत्र यांचं हाडवैर आहे. धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा टेंडरमध्ये अटीसारखा लिहिलेला असावा, आणि यंत्राबरोबर ओल शोषणारी डबी फुकट द्यावी. ती काही महाग नसते.

दुसरा, वीज कुठून येणार? साध्या यंत्राचा जस्त-हवेचा सेल रोजच्या वापरात दहा-बारा दिवस चालतो. म्हणजे एका कानाला वर्षाला तीसेक सेल. त्याचं स्टिकर एकदा काढलं की वापरा न वापरा, तो संपत जातो. आजीसारख्या माणसाला हे कुणी सांगत नाही, आणि जवळच्या मेडिकलमध्ये हा सेल मिळेलच असं नाही. चार्जिंगवरच्या यंत्राला ही कटकट नाही. पण पावसाळ्यात झाड पडून वीज दोन दिवस गेली तर यंत्रही दोन दिवस मुकं. माझ्या मते घरोघरी मोबाइल चार्ज होतोच, तेव्हा चार्जिंगचंच यंत्र बरं. पण सेलचं द्यायचं असेल तर सेल आशाताईंकडे, गोळ्यांसारखे, दर महिन्याला मोफत मिळायला हवेत.

तिसरा, कानात बसतं का? कानाचा साचा घेऊन बनवलेलं टोक आणि तयार मापाचं टोक यांत फार फरक पडतो, विशेषतः दोष जास्त असेल तेव्हा. शिट्टी मारणारं यंत्र कुणीही ठेवत नाही. आणि हो, यंत्र द्यायच्या आधी कानात डोकावून बघा. काही जणांना यंत्राची गरजच नसते, कानात मळ साचलेला असतो. काहींचा कान वाहत असतो, त्यांना आधी औषध हवं.

चौथा, कुठल्या भाषेत तपासलं? आपल्या वाङ्मय मंडळाला हा प्रश्न जास्त कळावा. 'टूं' असा आवाज ऐकू आला की बोट वर करा, ही एक तपासणी झाली. पण बोलणं किती कळतं हे बघायला शब्द ऐकवावे लागतात. कुळगीत घरात कोकणी, शेजारात मराठी, कचेरीत कन्नड. घरात कोकणी-मराठी बोलणाऱ्या म्हातारीला कन्नड शब्दांची यादी ऐकवली आणि तिने चुका केल्या, तर त्या कानाच्या की भाषेच्या? मराठीत आणि कन्नडमध्ये अशा शब्दयाद्या तज्ज्ञांनी तयार केल्या आहेत. प्रश्न त्या सीमेवरच्या दवाखान्यांत रुग्णाची भाषा विचारून वापरण्याचा आहे. यंत्र कानात बसवतात, पण ऐकायची असते ती माणसाची भाषा.

पाचवा, बिघडलं तर कुणाकडे जायचं? वयोश्री योजनेत एक वर्ष मोफत देखभालीची तरतूद आहे. चांगली गोष्ट आहे, पण ती देखभाल मिळवायला कानपूरचं नाही तरी जिल्ह्याचं गाव गाठावं लागलं तर वर्ष असंच निघून जातं. नळी साफ करणं, टोक बदलणं, सेल बदलायला शिकवणं ही कामं तालुक्यातच व्हायला हवीत.

थोडा हिशोब

'एवढं सगळं करायला पैसे कुठून आणणार?' हा प्रश्न येणारच. समजण्यापुरते काल्पनिक आकडे घेऊ. समजा एक यंत्र चार हजारांचं आहे आणि शंभर यंत्रं वाटली. खर्च चार लाख. सहा महिन्यांनी त्यातली चाळीसच कानात राहिली, तर वापरातलं एक यंत्र पडलं दहा हजारांना. आता त्याच यंत्रामागे आणखी दीड हजार रुपये साच्यावर, सेलवर आणि दोन फेरतपासण्यांवर घातले. खर्च साडेपाच लाख झाला. पण जर ऐंशी यंत्रं कानात राहिली, तर वापरातलं एक यंत्र पडलं सहा हजार आठशे पंच्याहत्तरला. वरवर महाग दिसणारी पद्धतच स्वस्त निघाली. टेंडरमध्ये सगळ्यात कमी बोली लावणाऱ्याला काम देताना आपण यंत्राची किंमत बघतो. 'वापरातल्या यंत्राची' किंमत बघत नाही. खरी गफलत तिथे आहे. अर्थात खरे आकडे काढायचे तर आधी कुणीतरी जाऊन मोजायला हवं, आणि माझा सगळा आग्रह त्या मोजण्यासाठीच आहे.

दुसरा आक्षेप तज्ज्ञांचा असतो. ऑडिओलॉजिस्टशिवाय यंत्र लावणं धोक्याचं आहे, असं ते म्हणतात. लहान मुलांच्या, एकाएकी बहिरेपण आलेल्यांच्या, कान वाहणाऱ्यांच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं आहे. पण प्रत्येक तालुक्याला ऑडिओलॉजिस्ट येईपर्यंत थांबायचं तर कुळगीची एक पिढी तशीच जाईल. जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२४ च्या मार्चमध्ये कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी मार्गदर्शन काढलं. प्रौढांची तपासणी आणि यंत्र लावून देण्यातली काही कामं प्रशिक्षित स्थानिक कर्मचाऱ्यांवर सोपवावीत, असं त्यात सुचवलं आहे. तज्ज्ञाने वर देखरेख करायची आणि अवघड रुग्ण आपल्याकडे घ्यायचे.

तिसरा आक्षेप आपल्या वयाच्या मुलांचा. 'यंत्रं कशाला? आता इअरबड्सच हे काम करतात.' बरोबर आहे, अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ पासून सौम्य ते मध्यम दोषाच्या प्रौढांना चिठ्ठीशिवाय दुकानात श्रवणयंत्र घेता येतं, आणि २०२४ मध्ये ॲपलच्या इअरबड्सना श्रवणयंत्रासारखं वापरायची परवानगी तिथल्या औषध प्रशासनाने दिली. पण त्याला आयफोन लागतो, तो हाताळता यावा लागतो. शिवाय इंडियाना विद्यापीठात लॅरी ह्यूम्स यांच्या गटाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत एक गोष्ट दिसली. लोकांनी स्वतः निवडून घेतलेल्या यंत्रांचाही उपयोग झाला, पण तज्ज्ञाची मदत मिळालेल्यांचं समाधान जास्त होतं. म्हणजे तंत्रज्ञान स्वस्त होत जाईल, आणि व्हावंच. समजावून सांगणाऱ्या माणसाची गरज मात्र संपत नाही.

चौथा आक्षेप कुणी तोंडावर बोलत नाही, पण मनात असतो. 'या वयात आता काय ऐकायचंय?' यावर एवढंच म्हणतो, की चष्म्याबद्दल आपण असं कधी बोलत नाही.

आपण काय करू शकतो?

हा लेख वाङ्मय मंडळाच्या अंकात का, असं कुणी विचारेल. कारण यातली निम्मी अडचण भाषेची आहे आणि भाषा हे आपलं काम आहे. श्रवणयंत्राच्या यशाची एक आंतरराष्ट्रीय प्रश्नावली आहे, अवघ्या सात प्रश्नांची. तिचा पहिला प्रश्न असा: गेल्या दोन आठवड्यांत दिवसाला किती तास यंत्र वापरलं? मग फायदा किती, अजून कुठे अडतं, तुमच्यामुळे घरच्यांना किती त्रास होतो, वगैरे. तज्ज्ञांच्या सल्ल्याने हे प्रश्न आपल्या गावच्या मराठीत, म्हातारीला कळतील असे विचारता येतील. यंत्र कसं घालायचं, स्टिकर कधी काढायचं, रात्री कुठे ठेवायचं याचा चित्रांसह एक पानी कागद मोठ्या अक्षरांत करता येईल, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. आपल्यातले बरेच जण सुट्टीत गावी जातात. एनएसएसची शिबिरं होतात. गावात गेल्या दोन वर्षांत कुणाला यंत्र मिळालं, ते आज कुठे आहे, हे जाऊन विचारायला पैसे लागत नाहीत. नावं न छापता तेवढी आकडेवारी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना दिली, तरी ती त्यांच्याकडे आज नसलेली गोष्ट असेल.

३ मार्चला दरवर्षी जागतिक श्रवण दिन असतो. त्या दिवशी वर्तमानपत्रांत शिबिरांचे फोटो येतात: पाहुणे, बॅनर, कानाला यंत्र लावून हसणारी आजी, आणि खाली 'इतक्या श्रवणयंत्रांचं वाटप'. फोटो जरूर छापावा. पण माझी मागणी एवढीच, की त्या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा छापला जावा: गेल्या वर्षी वाटलेल्या यंत्रांपैकी आज किती कानात आहेत. सरकारने तो आकडा मोजायला सुरुवात केली, की कुठलं यंत्र घ्यावं या प्रश्नाचं उत्तर त्याला आपोआप मिळायला लागेल.